समुद्र उष्णता संपवत नाही, पुढे ढकलतो

प्रश्नकर्ते कोथरूडला राहतात, मूळ गाव दापोली तालुक्यात हर्णैच्या बाजूला. ते विचारतात: "समुद्रामुळे किनाऱ्याचं हवामान सम राहतं असं शाळेत घोकलं. मग हल्ली गावी मे महिना सोसवत का नाही? वादळं का वाढली? चुलतभावाची बोट बऱ्याचदा रिकामी परत येते, आंब्याच्या मोहोराचा नेम राहिलेला नाही. भाऊ म्हणतो, दर्या बिथरलाय. समुद्र हवामान सांभाळतो की बिघडवतो? आणि निवृत्तीनंतर गावच्या जागेत घर बांधू की नको?"

माझी नोकरी पुण्यात, हवामानाच्याच कामात झाली. त्यातली बरीच वर्षं समुद्रावरून येणाऱ्या नोंदी तपासण्यात गेली, काही दिवस जहाजावरही काढले. घरबांधणी हा माझा विषय नाही, मासेमारी तर त्याहून नाही. पण या दोन्हींचा हिशेब ज्या पाण्यावर अवलंबून आहे त्याबद्दल सांगू शकते. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

शाळेतलं वाक्य खरं आहे, पण अर्धं. समुद्र उष्णता पोटात घेतो, ती संपवत नाही. घेतलेली परत करतोच, फक्त उशिरा, बहुतेक वेळा दुसऱ्याच ठिकाणी आणि वेगळ्या रूपात: कधी वाफ, कधी वारा, कधी लाट. किनाऱ्यावरच्या माणसांचं वर्ष याच परतफेडीच्या वेळापत्रकावर बेतलेलं असतं. आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, कधी भरायची, होड्या कधी वर ओढायच्या, बोंबील सुकवायला ऊन किती दिवस मिळेल, कलमं कधी मोहरतील, सगळं त्यावर. म्हणून सांभाळतो की बिघडवतो हे बाजूला ठेवून, वेळापत्रक हललंय का, आणि हललं असेल तर तुमच्या गावापुरतं त्याचं काय करायचं, हा खरा प्रश्न असं मी धरते.

रिकामा तवा आणि पाण्यानं भरलेलं पातेलं एकाच आचेवर ठेवलं तर तव्याला हात लावायची सोय राहत नाही तेव्हा पातेलं कोमटसुद्धा झालेलं नसतं. आच बंद केल्यावर तवा लगेच निवतो, पातेलं बराच वेळ गरम राहतं. जमीन आणि समुद्र यांचं हेच. सारख्या वजनाच्या कोरड्या मातीपेक्षा पाण्याला एक अंश तापायला चार-पाचपट उष्णता लागते. शिवाय ऊन जमिनीच्या वरच्या वीतभर थरातच अडकतं. पाण्यात ते खोल उतरतं आणि वारा-लाटा ते ढवळून आणखी खाली नेतात. जगभरच्या समुद्राचा नुसता वरचा तीनेक मीटरचा थर घेतला तरी त्यात अख्ख्या वातावरणाइतकी उष्णता मावते. पुणं पडलं तव्याच्या बाजूला. शिवाजीनगरच्या वेधशाळेत ३० एप्रिल १८९७ रोजी ४३.३ अंश आणि १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश अशी दोन टोकं नोंदलेली आहेत. हर्णै-रत्नागिरीकडे असली थंडी कोणाच्या आजोबांनीही पाहिलेली नसेल.

म्हणून पुणेकरांनी समुद्राशी आपला संबंध नाही असं समजू नये. एप्रिल-मेमध्ये दिवसभर भाजून निघाल्यावर संध्याकाळी पश्चिमेकडून एकदम गार झुळूक येते ना, तो बऱ्याचदा कोकणातला खारा वारा असतो. दुपारी किनाऱ्यावर सुरू होतो, घाट चढतो आणि संध्याकाळी, कधी कधी दिवेलागणीनंतर, आपल्यापर्यंत पोहोचतो. वेधशाळेत पूर्वी घड्याळाच्या किल्लीवर सावकाश फिरणारं एक पिंप असायचं. त्यावर आठवड्याचा आखीव कागद गुंडाळलेला आणि दोन टाक: एक तापमानाचा, दुसरा आर्द्रतेचा. आर्द्रतेच्या टाकाला माणसाच्या केसांची जुडी जोडलेली असे, कारण दमट हवेत केस किंचित लांबतो. उन्हाळ्यातल्या कागदावर आर्द्रतेची रेघ दुपारभर तळाशी लोळत असायची. संध्याकाळी ती भिंतीवर पाल चढावी तशी सरळ वर जायची आणि त्याच क्षणी तापमानाची रेघ खाली झुकायची. समुद्र पुण्यात आला तो नेमका किती वाजता, हे कागदावर बोट ठेवून दाखवता यायचं.

पावसाळ्यात तर आपण समुद्रच पितो. दक्षिण हिंदी महासागरावरून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडतात, सोमालियाच्या किनाऱ्यालगत उजवीकडे वळतात, अरबी समुद्रावरची वाफ उचलतात आणि सह्याद्रीला धडकून ती खाली टाकतात. टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला या साखळीत मिळून २९ टीएमसीच्या आसपास पाणी मावतं, ते असं येतं. समुद्रानं उन्हाळाभर घेतलेल्या उष्णतेतली बरीचशी या वाफेतून परत होते. वाफेचं पाणी होताना ती उष्णता ढगात मोकळी होते, ढग आणखी वर चढतो, पाऊस आणखी जोर धरतो.

मेअखेर जहाजावरून तापमापी पाण्यात सोडली की यंत्रणा कशी रचलेली आहे ते दिसतं. वरच्या थरातलं पाणी जवळजवळ एकाच तापमानाचं, तीस अंशांच्या आसपास. मग तार सोडत जावी तसा आकडा भराभर उतरतो, दीडशे मीटरपर्यंत वीस-बावीसवर येतो. जूनमध्ये वारा सुटला की वरचं आणि खालचं पाणी मिसळतं, ओमान-सोमालियाकडे तर खोलातलं थंड पाणी थेट वर येतं, आणि अरबी समुद्र दोन-तीन अंशांनी निवतो. त्या खालच्या पाण्यात खत असतं. वर्षानुवर्षं तळाकडे गेलेलं सगळं कुजकं त्यात विरघळलेलं असतं. ते उजेडात आलं की सूक्ष्म वनस्पती फोफावतात, त्यावर तारली-बांगडा, त्यांच्यावर सुरमई. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते ती याच काळात: माशांची वीण सुरू असते आणि दर्या खवळलेला असतो. नारळी पौर्णिमा या सगळ्याच्या शेवटाला येते.

हे झालं मूळ वेळापत्रक. आता त्यात काय बदललं ते बघू.

आपण हवेत सोडलेल्या वायूंमुळे पृथ्वीवर जी जास्तीची उष्णता अडकते, तिचा ९० टक्क्यांहून मोठा वाटा समुद्रानं गिळलाय. त्यानं तो घेतला नसता तर जमिनीवर राहणं केव्हाच कठीण झालं असतं, त्यामुळे सांभाळतो का याचं उत्तर हो, आजही सांभाळतो. पण पातेलंही तापलंय. १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचा पृष्ठभाग सरासरी १ अंशानं वर गेला. सगळ्या जगाच्या समुद्रांची सरासरी ०.७ अंश होती. हे आकडे पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत तयार झालेल्या २०२० च्या अहवालातले आहेत. एक अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण हवा एक अंश तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त वाफ मावते, आणि वाफ पुरवायला खाली ऊबदार पाणी तयारच आहे. मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ मध्ये जवळपास तिपटीनं वाढल्या. त्यांना वाफ पुरवण्यात अरबी समुद्राचा हात मोठा आहे. एकूण पाऊस फारसा न वाढता तो थोड्या दिवसांत उरकला जातो, हे तुम्हीही पाहत असाल.

तुमच्या मे महिन्याचं उत्तरही यातच आहे. गावी पारा ३४ वर असतो आणि पुण्यात ३९ वर, तरी गावीच जीव कासावीस होतो. कारण घाम वाळत नाही. हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा निकष लावतं तेव्हा मैदानी भागाला कमाल तापमान किमान ४० अंश लागतं, किनाऱ्याला ३७ पुरतं. पूर्वी रात्री जमिनीकडून मतलई वारा सुटला की थोडा आराम मिळायचा. आता रात्रीही पाणी ऊबदार, हवेत वाफ भरपूर, आणि वाफ जमिनीची उष्णता वर निसटू देत नाही. दिवसापेक्षा रात्री जास्त बदलल्या आहेत, आणि घर बांधताना याचा विचार कोणी करत नाही, त्याकडे नंतर येते.

वादळांबद्दल थोडं जपून बोलावं लागेल. बंगालच्या उपसागरात पूर्वीपासून वादळं जास्त, अरबी समुद्रात कमी. इकडचं पाणी तुलनेनं थंड, अरबस्तानाकडून कोरडी हवा घुसते, आणि वरच्या-खालच्या थरातले वारे वेगळ्या दिशांना वाहत असल्यानं वादळाची मान मोडते. वादळ पोसायला साडेसव्वीस अंशांच्या वरचं पाणी लागतं, आणि ते आता अरबी समुद्रात जास्त दिवस, जास्त खोलवर असतं. २०१९ मध्ये क्यार आणि महा ही दोन वादळं एकाच वेळी या समुद्रात होती. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आलं, दापोली-मंडणगडात नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, आणि पुण्यातही झाडं पडली. पुढच्याच वर्षी मेमध्ये तौक्ते आपल्या किनाऱ्याला समांतर वर गेलं. पण फयान नोव्हेंबर २००९ मध्ये अलिबागजवळ आलं होतं, म्हणजे वादळ हा प्रकार नवा नाही. एकेका वादळाचं नाव घेऊन हे तापमानवाढीमुळेच आलं असं छातीठोकपणे म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. वादळ आलं तर ते पूर्वीपेक्षा झपाट्यानं जोर धरण्याची शक्यता वाढली आहे, एवढं मात्र ठामपणे म्हणता येतं. वेळापत्रकाच्या भाषेत सांगायचं तर इशारा आणि वादळ यांच्यातला अवधी आखडतोय.

थोडा फाटा फोडते, कारण हा विषय निघाला की कोणीतरी एल निनोचं नाव घेतंच. पॅसिफिकचं पाणी तापलं की आपला पाऊस कमी, हे समीकरण सरळ नाही. १९९७ चा एल निनो प्रचंड होता, तरी भारतात पाऊस सरासरीइतका झाला. २००२ आणि २००९ मध्ये त्याहून सौम्य एल निनो असून दुष्काळ पडला. हिंदी महासागराच्या पश्चिम आणि पूर्व टोकांच्या तापमानातला फरकही मध्ये येतो, आणि तो १९९९ मध्ये नीट ओळखला गेला. पॅसिफिकच्या दोन टोकांमधल्या हवेच्या दाबाचा झोका ज्यांनी दाखवला ते गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख होते. तेव्हा मुख्यालय सिमल्याला होतं. ते १९२८ मध्ये पुण्यात आलं, आणि पुण्यातल्या सिमला ऑफिस चौकातून रोज जाणाऱ्या कितीजणांना हे नाव कुठून आलं हे ठाऊक असतं, कोण जाणे.

आता मासळी. वरचं पाणी जास्त तापलं की ते हलकं होऊन झाकणासारखं बसतं, खालचं खताचं पाणी वर यायला अडथळा होतो. पश्चिम हिंदी महासागरात सूक्ष्म वनस्पती गेल्या सहा दशकांत काही भागात २० टक्क्यांपर्यंत घटल्याचे अंदाज आहेत. तारली-बांगड्यासारखे थव्यानं फिरणारे मासे थंड, खाणं असलेल्या पाण्याकडे सरकतात, उत्तरेला किंवा खोलात. पण तुमच्या भावाला माझ्यातर्फे सांगा, सगळं खापर दर्यावर फोडू नका. अख्ख्या थव्याला वेढा घालणारी पर्ससीनची जाळी, बंदी असूनही एलईडीच्या झोतात होणारी मासेमारी, बोटाएवढी पिल्लंसुद्धा उपसून नेणारी बारीक आसाची जाळी, खाडीत येणारं कारखान्यांचं पाणी, यांचा वाटा वेगळा काढता येत नाही एवढा मोठा आहे. समुद्र पूर्वीसारखा असता तरी इतक्या उपशानं बोटी रिकाम्या आल्याच असत्या. फरक एवढाच की पूर्वी वाईट वर्षानंतर चांगलं वर्ष यायचं आणि माशांना सावरायला वेळ मिळायचा. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि रंग पाहून मासळी कुठे सापडण्याची शक्यता आहे ते कळवते, उंच लाटांचे इशारेही देते. भाऊ ते बघत नसतील तर बघायला लावा. वाऱ्याचं त्यांचं ज्ञान माझ्यापेक्षा जास्त आहे. पण दोनशे मैलांवर उठलेली लाट हर्णैच्या धक्क्यावरून दिसत नाही.

आंब्याचं मी थोडक्यात उरकते, कारण हे काम दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या माणसांचं. हापूसला मोहरायला पावसाळ्यानंतर कोरडी हवा आणि रात्री गारवा लागतो. पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात रेंगाळला तर झाड पालवी काढतं, मोहोर मागे पडतो, आणि मग फळ तयार होईपर्यंत मेचा उकाडा किंवा वळवाचा पाऊस गाठतो. समुद्र गरम राहिला की थंडी उशिरा येते, एवढा त्यात माझा भाग.

इथवरचं एका दमात सांगायचं तर समुद्र अजूनही उष्णता घेतोय, पण त्याच्या परतफेडी आता गठ्ठ्यानं आणि अवेळी होतायत: थोड्या दिवसांत जास्त पाऊस, कमी अवधीत मोठं वादळ, रात्रीचा उकाडा, उशिरा थंडी.

राहिलं घर. लोक मला पहिला प्रश्न विचारतात तो पाण्याच्या पातळीचा. उत्तर हिंदी महासागरात १९९३ ते २०१७ या काळात समुद्राची पातळी वर्षाला ३.३ मिलिमीटरनं वाढली. त्याच वेगानं तीस वर्षांत सुमारे १० सेंटिमीटर. किनारा सपाट असेल, पन्नासाला एक असा उतार, तर तेवढ्यानं पाण्याची रेघ पाचेक मीटर आत येईल. खडकाळ कडा असेल तर कळणारही नाही. वेग पुढे वाढेलही. तरी तुमच्या हयातीत घराला त्रास झालाच तर तो या सरासरीनं होणार नाही. अमावास्येचं उधाण, दूरवरून आलेल्या उंच लाटा आणि किनाऱ्याकडे रेटणारा वारा हे तिघं एका दिवशी एकत्र आले की होईल. दहा सेंटिमीटर त्या दिवशी अंगावर येतात.

म्हणून जागा बघायला दिवाळीच्या सुट्टीत जाऊ नका. आषाढात किंवा श्रावणात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जा, भरती ओसरल्यावर किनाऱ्यानं चाला आणि कचऱ्याची रेघ शोधा. सुरूच्या काटक्या, प्लॅस्टिकच्या बाटल्या, जाळ्याचे तुकडे, नारळाच्या करवंट्या एका ओळीत पडलेल्या असतात. पाणी तिथवर आलं होतं. बहुतेक ठिकाणी तिच्या वर, गवतात, एक जुनी रेघ असते, वाळलेली, अर्धी वाळूत गाडलेली. ती एखाद्या मोठ्या उधाणाची. तुमचा चौथरा त्या वरच्या रेघेच्या किती वर आहे ते आधी मोजा, मग नकाशे काढा. शेजारच्या म्हाताऱ्या बाईला विचारा, निसर्गच्या वेळी पाणी कुठे थांबलं होतं. पुरुषमंडळी अशा आठवणी फुगवून सांगतात, बायका उंबरठ्याला हात लावून दाखवतात. माझा तरी अनुभव असा आहे.

कायद्याची चौकट निराळी. २०१९ च्या किनारा क्षेत्र अधिसूचनेप्रमाणे विरळ वस्तीच्या गावात भरतीरेषेपासून २०० मीटर, आणि दाट वस्तीच्या गावात ५० मीटर, हा नवीन बांधकामाला मनाईचा पट्टा आहे. खाडीकाठाला नियम वेगळे लागतात. तुमचं गाव कशात मोडतं ते जिल्ह्याच्या मंजूर आराखड्यावर सर्व्हे नंबर लावून पाहावं लागेल. 'सगळे बांधतात हो' असं सांगणारा दलाल भेटेलच.

मे महिन्यात विहिरीचं पाणी चाखून बघा. मचूळ लागलं तर खारं पाणी आत शिरू लागलंय, आणि शेजारी दोन लॉजनी बोअर मारले असतील तर ते आणखी शिरेल. गाव सोडायची वेळ माणसांवर लाटेपेक्षा विहिरीनं जास्त वेळा आणली आहे. समोर कांदळवन किंवा सुरूचं बन शाबूत असेल तर जागेची किंमत माझ्या लेखी वाढते. ते तोडून दृश्य मोकळं केलेलं असेल तर उलट. नदीचं किंवा खाडीचं मुख जवळ असेल तर जास्तच जपा. वाळूचा दांडा एका पावसाळ्यात इकडून तिकडे सरकतो.

बांधकामाचं तपशिलात इंजिनिअर सांगतील, फक्त दोन गोष्टी हवामानाच्या बाजूनं. एक, निसर्गमध्ये पत्रे उडाले, आणि उडालेल्या पत्र्यांनी इतरांचं नुकसान केलं. छप्पर बुटकं, चारी बाजूंनी उतरतं आणि भिंतीला घट्ट आवळलेलं असू द्या, आणि माड घरापासून त्याच्या उंचीइतका तरी लांब. दुसरी, रात्रीच्या उकाड्याची. पुण्यासारखा उघडा स्लॅब दिवसभर तापून रात्री खोलीत उष्णता सोडतो. पुण्यात रात्रीची हवा कोरडी असल्यानं ते खपून जातं, तिकडे नाही. कौलं, माळा, समोरासमोर खिडक्या आणि पश्चिमेला पडवी ही जुन्या घरांची मांडणी उगाच नव्हती.

माझा कल विचाराल तर घर बांधा, पण समुद्राला खेटून नको. गावाच्या जुन्या वाड्या रस्त्याच्या वरच्या अंगाला का आहेत ते बघा आणि त्यांच्या ओळीत राहा. सगळी पुंजी मात्र त्यात ओतू नका. पुण्यातला फ्लॅट विकून जाणार असाल तर आधी एक जून ते नारळी पौर्णिमा भाड्यानं राहून बघा, विजेशिवायच्या चार रात्रींसकट. जागेची उंची, भरतीरेषेपासूनचं अंतर, किनारा वाळूचा की खडकाचा आणि खाडीमुख कोणत्या दिशेला, एवढं कळवलंत तर तुमच्या जागेपुरतं आणखी नेमकं सांगता येईल.